कार्डावरचं सोनं

अप्पा माझ्याशी गोड बोलले असे दिवस मी मोजायला बसले तर ते नऊ भरतील. नऊच्या नऊ सलग होते, आणि त्या नऊ दिवसांत मी जेवढी घाबरले तेवढी त्याआधी कधी घाबरले नव्हते. आता सगळं सुरळीत झालंय, म्हणून हे लिहिताना हसू येतंय.

अप्पा म्हणजे माझे वडील. डहाणूत आम्ही दोघंच राहतो; आई जाऊन काही वर्षं झाली. मी तलासरीच्या एका शाळेत कॉम्प्युटर शिकवते. सकाळची एसटी, संध्याकाळची एसटी, मधे पोरं. अप्पा डायवाले. आमच्याकडे एवढं सांगितलं की पुरतं, बाहेरच्यांना जरा समजावून सांगावं लागतं. दागिन्यावरची नक्षी आधी पोलादाच्या ठोकळ्यात उलटी कोरतात. मग त्यावर सोन्याचा पातळ पत्रा ठेवून दाबला की पान, फूल, मोर, जे असेल ते पत्र्यावर उठून येतं. तो कोरलेला ठोकळा म्हणजे डाय. चिंचणीपासून आमच्यापर्यंत कितीतरी घरांच्या पडव्यांत माणसं मान खाली घालून हेच करत बसलेली असतात.

आमच्या घरात शांत स्वभाव एकट्या आईच्या वाट्याला आला होता. अप्पा भडकतात, मीही भडकते. डाळ पातळ झाली, पेपर चुरगळला, पंख्याचा वेग कमी-जास्त झाला, आम्हाला कारण लागत नाही. शेजारच्या काकू म्हणतात, तुमच्याकडे टीव्ही कशाला लागतो?

काही वर्षांपूर्वी अप्पांचा उजवा हात थरथरायला लागला. डायच्या कामात केसाएवढी रेघ चुकली तरी ठोकळा फुकट जातो. तेव्हा हो-नाही करत, तीन महिने माझ्याशी भांडून, त्यांनी एक जुनं कोरणीचं मशीन घेतलं. कॉम्प्युटरवर नक्षी काढायची, मशीन ती पोलादात कोरतं, आणि शेवटची सफाई अप्पा भिंग लावून हातानं करतात. सुरुवातीला ते मशीनला ‘तुझं ते’ म्हणायचे. वर्षभरात ‘माझं मशीन’ झालं, आणि माझा मशीनला हात लावायचा हक्क गेला.

हात लावायचा हक्क गेला, पण बिघडलं की हाक मलाच. बिघडायचं ते एकाच ठिकाणी. मशीनला हुकूम देणारं एक कार्ड आहे, वीतभर लांबीचं, हिरवं. ते कॉम्प्युटरच्या पोटात, मदरबोर्डवरच्या पांढऱ्या लांबट खाचेत उभं बसतं. त्या खाचेला स्लॉट म्हणतात. कार्डाच्या खालच्या कडेला बारीक धातूच्या पट्ट्या असतात, शेजारी शेजारी, दोन्ही बाजूंना मिळून शंभराच्या वर; मी त्यांना कार्डाचे पाय म्हणते. त्या स्लॉटमधल्या तारांना टेकल्या की कॉम्प्युटर कार्डाला ओळखतो. आमच्या खाऱ्या हवेत त्या पट्ट्यांवर मळ धरतो, आणि मग ओळख विसरली जाते.

मला स्वतःला हे स्लॉट फार आवडतात. मी शिकले तेव्हा कॉम्प्युटर म्हणजे अर्धा रिकामा डबा असायचा. आवाज हवा, तर साउंड कार्ड घ्या आणि खाचेत बसवा. इंटरनेट हवं, तर मोडेमचं कार्ड. आमच्याकडे टीव्ही दिसायचं कार्डसुद्धा होतं, आणि अप्पांनी त्यावर एक आख्खी क्रिकेटची मालिका, चित्र मुंग्या-मुंग्या असताना, शिव्या देत बघितली होती. कॉम्प्युटर बनवणाऱ्यानं आधीच जागा सोडून ठेवलेली, पुढे कोण येणार हे त्यालाही ठाऊक नसताना. हल्ली सगळं बोर्डवरच चिकटवून येतं, आणि जे थोडे स्लॉट असतात ते नव्या पद्धतीचे, त्यांत आमचं जुनं कार्ड बसत नाही. शाळेतल्या माझ्या टेबलाच्या खणात मी मेलेली जुनी कार्डं जपून ठेवली आहेत. पोरांच्या हातात ती दिली की दहा मिनिटं वर्ग गप्प असतो.

तर, कार्ड अडलं की माझा उपाय ठरलेला. बटण बंद, कार्ड बाहेर, पट्ट्यांवर साधा खोडरबर फिरवायचा, पुसायचं, परत बसवायचं. अप्पा बाजूला उभे राहून बघायचे. एकदा त्यांनी विचारलं, ‘‘किती घासायचं?’’ मी म्हटलं, ‘‘चकचकीत होईपर्यंत.’’ हे माझंच वाक्य. ते पुढे मला फार महागात पडलं.

त्या आठवड्यात मतदार याद्यांचं काम शिक्षकांच्या गळ्यात पडलं होतं. शाळा सुटल्यावर मी तलासरीतल्या पाड्यापाड्यांत फिरत होते. मंगळवारी अप्पा म्हणाले, ‘‘मशीन अडतंय.’’ मी चपला काढता काढता म्हटलं, ‘‘रविवारी बघते.’’ ‘‘रविवारी?’’ ‘‘हो, रविवारी! मला काय दहा हात आहेत?’’ अप्पाही त्यावर दोन वाक्यं बोलले. म्हणजे सगळं नेहमीसारखं होतं.

बुधवारी घरी आले तर अप्पा पडवीत नुसते बसलेले. मशीनवर फडकं घातलेलं. मला बघून म्हणाले, ‘‘आलीस बाय? दमली असशील. चहा ठेवू का?’’

चहा! माझ्या जन्मापासून अप्पांनी कुणाला चहा ठेवू का विचारलेलं मी ऐकलं नव्हतं. मी विचारलं, काय झालं. ‘‘काही नाही गं. मशीन बंद पडलं. तुला सवड मिळेल तेव्हा बघ.’’ रात्री भाजीत मीठ जास्त पडलं होतं, मला घास गिळवेना, आणि अप्पा खाली मान घालून सगळं जेवले. ताट उचलून ठेवताना ‘छान झाली होती’ म्हणाले.

गुरुवार, शुक्रवार, शनिवार असेच गेले. मी पंखा मुद्दाम फुल केला, ते शाल पांघरून बसले. मी पेपर चुरगळून ठेवला, त्यांनी तो हातानं सपाट करून वाचला. शेजारच्या काकूंनी विचारलं, ‘‘अप्पांची तब्येत बरी आहे ना?’’ मी बरी आहे म्हटलं, पण मला मनातून कळत होतं की बरी नाही. आई गेली तेव्हासुद्धा तेराव्या दिवसानंतर ते उठून कोरायला बसले होते आणि मी उजेड अडवते म्हणून माझ्यावर खेकसले होते. काम होतं म्हणून ते उभे राहिले. हे काम गेलं तर त्यांचं काय होईल, हा विचार मी दिवसभर दूर ढकलत होते.

रविवारी कॉम्प्युटर उघडला. कार्ड काढलं. पट्ट्या अशा लखलखत होत्या की मला बरंच वाटलं. अप्पांनी स्वतः साफ केलंय, मी मनात म्हटलं, शिकले बरं का. म्हणजे कार्ड ठीक आहे, स्लॉट गेला असणार. दुसऱ्या स्लॉटमध्ये बसवलं, तेच. कॉम्प्युटर म्हणे, कार्ड सापडत नाही. सोमवारी कार्ड रुमालात गुंडाळून तलासरीला नेलं. शाळेच्या अडगळीत एक जुना कॉम्प्युटर आहे, त्याला तसलेच स्लॉट आहेत. त्यातही बसवलं. तिथेही सापडत नाही.

संध्याकाळी मी अप्पांना सांगितलं की बहुतेक कार्डच गेलंय, आणि तसलं कार्ड आता कुणी बनवत नाही. मला वाटलं होतं, आता तरी भडकतील. कंपनीला शिव्या देतील, मला देतील. ते म्हणाले, ‘‘असू दे. खूप झालं काम.’’

मंगळवारी सकाळी मी केस विंचरत असताना ते फोनवर बोलत होते. पलीकडे त्यांच्याकडून डाय नेणारा व्यापारी होता, पंचवीस वर्षांचा संबंध. ‘‘मी बंद केलं,’’ अप्पा सांगत होते. ‘‘नाही, नाही, बरा आहे मी. वय झालं, बस्स. दुसरा माणूस बघा.’’ मग त्यांनी कोरण्या एकेक करून तेलाच्या फडक्यानं पुसल्या आणि डब्यात भरल्या. मी त्या दिवशी एसटीत सबंध वाटभर खिडकीबाहेर बघत बसले, आणि चिकूच्या टोपल्या घेऊन चढलेल्या बाईनं जरा सरका म्हटलं तेव्हा मुकाट सरकले. एरवी मी निदान एक वाक्य तरी बोलले असते.

बुधवारी शाळेत मी ते कार्ड माझ्या खणात टाकायला घेतलं. मेलेलं कार्ड, दुसरं काय करणार. खणातली बाकीची कार्डं सरकवून जागा केली, आणि हात तिथेच थांबला. साउंड कार्डाचे पाय पिवळे. मोडेमचे पिवळे. वीस वर्षं खणात पडलेली कार्डं, सगळ्यांचे पाय मळकट पण पिवळे. अप्पांच्या कार्डाचे पाय लालसर. मी खिडकीशी नेऊन बघितलं. लखलखीत तांबं.

कार्डाच्या पट्ट्या तांब्याच्या असतात, वर निकेल आणि त्याच्यावर सोन्याचा पातळसा मुलामा असतो. खरं सोनं, कारण ते गंजत नाही; उघड्या तांब्यावर मात्र डोळ्यांना न दिसणारा थर लगेच धरतो आणि ओळख तुटते. खोडरबरानं ते एवढं जाणं शक्य नाही. हे काम खोडरबराचं नव्हतंच. हे डायवाल्याच्या हाताचं काम होतं.

घरात शिरले ती थेट पडवीतच. कार्ड अप्पांच्या नाकासमोर धरलं. ‘‘हे कोणी घासलं?’’

अप्पा मशीनवरच्या फडक्याची घडी घालू लागले.

‘‘अप्पा, कोणी घासलं?’’

‘‘मी,’’ ते म्हणाले. मग हळूहळू सगळं बाहेर आलं. बुधवारी सकाळी त्यांना काम अडलेलं बघवेना. माझ्यासारखंच कार्ड काढलं, खोडरबर फिरवला. पण पट्ट्यांवरचे काळे डाग पूर्ण जाईनात. आणि डाय करणाऱ्या माणसाला धातूवर डाग बघून झोप येत नाही. त्यांनी बारीक पॉलिश पेपर घेतला. मग त्याहून बारीक. मग फेल्टच्या कापडावर पॉलिशची लाल वडी लावून फिरवली, एकेक पट्टी, डायला देतात तशी आरशासारखी झळाळी येईपर्यंत. कार्ड परत बसवलं आणि मशीन कायमचं मुकं झालं.

माझं डोकं फिरलं. ‘‘अहो, ते सोनं होतं!’’ मी ओरडले. ‘‘सोनं! तुम्ही सोनं घासून टाकलंत! आख्खी हयात सोनारांच्या संगतीत गेली आणि सोनं ओळखता येईना?’’

अप्पांनी मान वर केली. आठ दिवसांत पहिल्यांदा त्यांनी माझ्याकडे सरळ बघितलं. ‘‘सोनं?’’

‘‘हो! खरं!’’

‘‘पण ते काळं पडलं होतं. सोनं काळं पडत नाही.’’

‘‘वरचा मळ होता तो!’’

‘‘मग तसं सांगायचं ना,’’ अप्पा म्हणाले. ‘‘तू नेहमी ‘पाय’ म्हणायचीस. कार्डाचे पाय. सोनं म्हणाली असतीस तर मी रिठ्याच्या पाण्यात मऊ ब्रशनं धुतलं असतं. सोन्याला कुणी पॉलिश पेपर लावतं का?’’

खरंच होतं. इतकी वर्षं मी त्यांना घासायचं कसं ते सांगत आले, चकचकीत होईपर्यंत म्हणत आले, आणि तो धातू कोणता हे एकदाही सांगितलं नाही. मला वाटलं नव्हतं की त्यांना सांगण्यासारखं त्यात काही असेल. पोरांना मी हे पहिल्या तासाला सांगते. माझी मलाच लाज वाटली आणि तसं मी त्यांना म्हटलंही. मग विचारलं, ‘‘तेव्हाच का नाही सांगितलंत? मी ओरडेन म्हणून?’’

‘‘छे,’’ अप्पा म्हणाले. ‘‘तू ओरडणार नाहीस म्हणून. म्हाताऱ्या माणसाकडून व्हायचंच, असं म्हणून गप्प बसशील म्हणून.’’

मग त्यांनी माझ्या हातातून कार्ड घेतलं, भिंग डोळ्याला लावलं आणि अगदी हळू आवाजात विचारलं, ‘‘खाली काय आहे? तांबं?’’ ‘‘तांबं. मधे निकेल.’’ ‘‘आणि वर फक्त मुलामा?’’ ‘‘हो.’’ ‘‘एवढंच ना? मुलामा गेला, तर परत चढवायचा.’’

मला हे सुचलं नव्हतं, कारण माझ्या लेखी ते कॉम्प्युटरचं कार्ड होतं आणि कार्ड गेलं की बदलायचं असतं. अप्पांच्या लेखी ती आता एक झिजलेली, मुलामा उडालेली वस्तू होती, आणि असल्या वस्तू त्यांनी हजार बघितल्या होत्या.

गुरुवारी सकाळच्या एसटीनं आम्ही दोघं तलासरीला गेलो. कार्ड दागिन्याच्या डबीत, कापसात ठेवलेलं. तलासरी नाक्याच्या पुढे एका पाड्यात एक बाई राहतात. पूर्वी त्या आमच्या पडवीत डाय घासायला यायच्या, मी तेव्हा शाळेत होते. आता घरीच एका खोलीत खोट्या दागिन्यांना मुलामा देतात. अप्पांना बघून त्यांनी पदर सावरला. ‘‘काका, तुम्ही? आन निरोप धाडायचा ना, मी आली असती.’’

अप्पांनी डबी उघडली. बाईंनी कार्ड उलटसुलट करून बघितलं आणि हसायला लागल्या. ‘‘काका, हे पॉलिश तुमच्याच हातचं. दुसऱ्या कोणाला असं जमायचं नाय.’’ अप्पांनी खिडकीबाहेर बघितलं.

त्यांच्याकडे मुलाम्याचा पेन होता. एक तार वस्तूला लावायची, दुसरी पेनला; पेनचं टोक सोन्याच्या पाण्यात बुडवून वस्तूवर फिरवायचं, की टेकेल तिथे सोनं बसतं. बारीक ठिकाणासाठी वापरतात. करंट कार्डावरच्या चिपमध्ये शिरला तर संपलंच सगळं. मी बाईंना म्हटलं, व्होल्टेज अगदी कमी ठेवा, तार त्याच पट्टीला लावा जिच्यावर पेन टेकवताय, शेजारच्या पट्टीला नको, पाणी वर जाऊ देऊ नका. चौथ्या सूचनेला त्या म्हणाल्या, ‘‘बाई, तुम्ही शाळेत शिकवता तशा हितं पण शिकवताव काय?’’ मी स्टूल जरा मागे ओढलं.

एकेक पट्टी. तार लाव, पेन टेकव, पूस, पुढची. अप्पा भिंगातून बघत होते आणि बोटानं दाखवत होते, इथे कडेला राहिलं, इथे पुरे. त्यांचा हात थरथरत होता, पण बोट बरोबर जागेवर जात होतं. मी शाळेत तीन तास घेऊन परत आले तेव्हा दुसरी बाजू अर्धी झाली होती. शेवटी कार्ड शुद्ध पाण्यानं धुतलं, कापसानं टिपलं आणि दुपारभर सुकवलं. पाय पिवळे झाले होते. बाईंनी पैसे घ्यायला साफ नकार दिला आणि वर अप्पांनाच चहा पाजला.

घरी आल्यावर मी आधी स्लॉट साफ केला. त्यात पॉलिशच्या लाल वडीची पूड जाऊन बसली होती. जाड कागदाची पट्टी स्पिरिटमध्ये भिजवून आत फिरवली तेव्हा ती लालभडक होऊन बाहेर आली. मग कार्ड खाचेत धरलं आणि दोन्ही अंगठ्यांनी दाबलं. कट्, असा आवाज आला. बटण दाबलं. अप्पा दारात उभे होते, आत यायला तयार नव्हते. पडद्यावर अक्षरं आली, थांबली, पुढे सरकली. कार्ड सापडलं.

मशीन घरघरलं, कोरणी वर गेली, डावीकडे गेली, खाली आली. मी वळून म्हटलं, ‘‘अप्पा, चालू झालं.’’ त्यांनी नुसती मान हलवली आणि मशीनसमोरच्या स्टुलावर येऊन बसले. कोरण्यांचा डबा ओढून घेतला, झाकण काढलं. मी विचारलं, आज राहू दे का, दमलात. त्यांनी भिंग डोळ्याला लावलं.

तेवढ्यात फोन वाजला. तोच व्यापारी, अप्पांचे आधीचे दोन ठोकळे न्यायला कधी येऊ विचारत होता. बोलता बोलता त्यानं बहुतेक नव्या डायवाल्याचं काहीतरी विचारलं असावं, कारण अप्पांचा आवाज एकदम चढला.

‘‘दुसरा कशाला बघताय? बंद केलं असं कोण म्हणालं?’’

पलीकडून तो काहीतरी म्हणाला.

‘‘मी म्हणालो असेन! मग आता मीच सांगतोय ना, चालू आहे! आणि घाई करायची नाही, काम माझ्या पद्धतीनं होईल. ठेवा!’’

फोन ठेवून ते वळले आणि मी अजून तिथेच उभी आहे हे त्यांना दिसलं. ‘‘तू काय बघत उभी राहिलीस माझ्या तोंडाकडे?’’ ते कडाडले. ‘‘ते तारांचं जंजाळ आवर आधी, माणसानं पाय कुठे ठेवायचा? एक काम धड पुरं करशील तर शपथ!’’

मी खाली बसून तारा गोळा करायला लागले. मान वर करायची सोय नव्हती, कारण मी रडत होते, आणि ते त्यांना दिसलं असतं तर परत गोड बोलायला लागले असते.